अ‍ॅम्प तोच, खोके नवे

गिटारच्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जवळपास सगळे बदलता येते. कपॅसिटर सुकले तर नवे लागतात, व्हॉल्व्ह थकले तर दुसरे खोचता येतात, स्पीकरचा फाटलेला पडदा (कोन) कारागीर बसवून देतो. अडचण होते ती खोके गेल्यावर. ओल्या फरशीवर राहून खालची फळी फुगली, कोपरे सुटले किंवा वाळवीने आतून पोखरले, तर डागडुजीत वेळ घालवण्यापेक्षा नवे बांधणे सोपे पडते. (इथे ‘पेटी’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे. पेटी म्हटले की मराठी कानाला भाता आणि काळी-पांढरी आठवते.)

उदाहरण म्हणून फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब घेऊ. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९६३ पासून निघालेला हा अ‍ॅम्प २२ वॅटचा. त्यात बारा इंची एकच स्पीकर आणि मागून अर्धवट उघडे खोके. त्याची नक्कल जगभर झाली, म्हणून हे माप ओळखीचे आहे. खोके बाहेरून २४.५ इंच रुंद, १७.५ इंच उंच आणि ९.५ इंच खोल, म्हणजे साधारण ६२२ × ४४५ × २४१ मिमी. तुमचा अ‍ॅम्प दुसरा असेल तर आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या चासीत, म्हणजे सगळे सर्किट बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्यात, चारशे व्होल्टच्या वर डीसी फिरतो. प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटर तो धरून ठेवू शकतात, कधी काही मिनिटे, कधी त्याहून बराच जास्त वेळ. हा दाब जीव घेऊ शकतो. कपॅसिटर रिकामे करून मीटरने शून्य मोजण्याची सवय नसेल, तर चासी बाहेर काढणे आणि परत बसवणे ही दोन कामे दुरुस्ती करणाऱ्याकडून करून घ्या. मधले सगळे काम सुताराचे आहे, त्यात वीज नाही.

चासी काढताना आधी स्पीकरची पिन, मग रिव्हर्ब टँकच्या (आवाजाला घुमारा देणाऱ्या स्प्रिंगांच्या डबीच्या) दोन वायरी, मग व्हॉल्व्ह, आणि शेवटी वरच्या फळीतून आलेले चार लांब स्क्रू. चासी वरच्या फळीला उलटी टांगलेली असते आणि ट्रान्सफॉर्मरमुळे तिचे वजन एका बाजूला जास्त असते. शेवटचे दोन स्क्रू सोडताना खालून धरायला दुसरा माणूस हवा. आणि स्पीकर न जोडता अ‍ॅम्प ‘चालतो का बघू’ म्हणून सुरू करू नका. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

मापे आतून घ्यायची

नवखा माणूस बाहेरचे माप घेतो आणि फळ्या कापायला बसतो. खोके बांधायचे असते आतल्या वस्तूंसाठी. १९ मिमी जाडीची फळी धरली तर आतली रुंदी ६२२ वजा ३८, म्हणजे ५८४ मिमी उरते. चासी याच अंतरात बसते. जाडी वाढवून २५ मिमीची फळी घेतली तर आत ५७२ उरतात. मग चासी आत जात नाही आणि ‘मजबूत’ खोके निरुपयोगी ठरते.

म्हणून आधी चासीची लांबी मोजा, त्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी मोकळीक धरा, मग फळीची खरी जाडी कॅलिपरने मोजा. ‘खरी’ म्हणायचे कारण असे की १८ मिमी म्हणून विकलेला प्लाय बऱ्याचदा त्याहून कमी भरतो. खोक्यावर चढवायचे रेक्झिन आत वळते तिथे त्याचाही सुमारे एक मिमी धरा.

दुसरे माप स्पीकरच्या पोटाचे. बारा इंची जड सिरॅमिक मॅग्नेटचा स्पीकर मागे सुमारे १३ सेंमी जातो, आणि चासीतून खाली लोंबणारे व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर त्याच जागेत येतात. मूळ खोक्यात ही दाटी हिशेबाने बसवलेली असते. स्पीकर बदलणार असाल तर मॅग्नेट आणि सर्वांत जवळचा व्हॉल्व्ह यांत किमान १५ मिमी राहतात का, ते कागदावर बघून घ्या. भोक पाडल्यावर कळले तर स्पीकरची फळी (बॅफल) वाया.

जुने खोके कितीही कुजले असले तरी काम संपेपर्यंत फेकू नका. डिलक्स रिव्हर्बचा नियंत्रण-पट्टा तिरका असतो, त्यामुळे बाजूच्या फळीची पुढची कड सरळसोट नसते. ती कड मोजून काढण्यापेक्षा जुनी बाजू ६ मिमीच्या प्लायवर ठेवून टोकदार पेन्सिलने उतरवून घ्या. चासीच्या चार स्क्रूंची भोकेही जुन्या वरच्या फळीवरूनच उतरवायची.

कोणते लाकूड

या विषयावर गिटारवाले तासन्‌तास भांडतात. फेंडरने त्या काळात पाइन वापरले, लंडनच्या मार्शलने चार स्पीकरच्या बंद खोक्यांसाठी बर्च प्लाय. त्यातून ‘पाइनचा आवाज उबदार, प्लायचा टणक’ अशी म्हण पडली. फरक आहे, कारण हलके पाइन थोडे थरथरते आणि जड प्लाय कमी. पण स्पीकर बदलल्याने किंवा मागची फळी कमी-जास्त केल्याने जो फरक ऐकू येतो, त्याच्यापुढे हा किरकोळ. लाकूड निवडताना वजन, सरळपणा आणि ओल सोसण्याची ताकद आधी बघावी.

वजनाचा हिशोब सोपा आहे. या मापाच्या चार फळ्यांना १९ मिमी जाडीचे सुमारे पावणेदहा लिटर लाकूड लागते. पाइनमध्ये त्याचे पावणेपाच किलो होतात, एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डात) सव्वासात. १८ मिमी प्लायचे साधारण सहा. संपूर्ण अ‍ॅम्प १९ किलोच्या आसपास असतो, त्यात अडीच किलोचा फरक जिना चढताना खांद्याला कळतो. एमडीएफ बाद करण्याचे खरे कारण मात्र वेगळे: त्याच्या कडेत स्क्रू धरत नाही, आणि पाणी लागले की फुगते ते परत बसत नाही.

आपल्याकडे पाइन मिळते ते बरेचसे आयात मालाच्या खोक्यांचे किंवा पट्ट्या जोडून केलेल्या तयार बोर्डांचे. खोक्यांच्या लाकडात २४० मिमी रुंदीची सलग फळी क्वचितच सापडते. दोन-तीन पट्ट्या कडेला कड चिकटवून रुंदी करावी लागते. त्यात गैर काही नाही, उलट अशी फळी एका रुंद फळीपेक्षा कमी वाकते. गाठी सांध्याच्या जागी येऊ देऊ नका, आणि टाचणीएवढी भोके व बारीक भुसा दिसला तर ती फळी दुकानातच सोडा.

पाइनचे दुसरे दुखणे ओल. हवेची आर्द्रता ९० टक्के असेल तर लाकूड हळूहळू २० टक्क्यांच्या आसपास पाणी धरते, ३५ टक्के असेल तर सातेक टक्के. रत्नागिरीचा जुलै आणि सोलापूरचा एप्रिल यांत एवढे अंतर सहज पडते. पाण्यात एक टक्क्याचा बदल झाला की २४० मिमी रुंदीची पाइनची फळी साधारण अर्धा मिमी फुगते किंवा आकसते. हा बदल लाकडाच्या रेषांना आडवा होतो, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून चारही फळ्यांच्या रेषा खोक्याभोवती फिरत गेल्या पाहिजेत, म्हणजे सगळ्या फळ्या एकाच दिशेने, खोक्याच्या पुढून-मागे, सारख्याच फुगतील. एक जरी फळी आडव्या रेषेची लावली तर पहिल्या पावसाळ्यातच तो सांधा उघडतो. आणि फळी आणल्या दिवशी कापू नका. पट्ट्यांवर हवेशीर ठेवून दोन-तीन आठवडे घरात मुरू द्या.

एवढी काळजी नको असेल तर बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या) दर्जाचा, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला १८ मिमी मरीन प्लाय घ्या. तो जड आहे, पण हलत नाही. २४४० मिमी लांब तावातून २४० मिमी रुंदीची एकच पट्टी काढली तर तिच्यातून चारही फळ्या निघतात: ६२४ च्या दोन, ४४७ च्या दोन, बेरीज २१४२. उरलेले करवतीच्या वाटेला. पूर्ण ताव घेण्याची गरज नाही, कापून देणारे दुकान शोधा.

सांधा

फळीच्या टोकाला फळी चिकटवून स्क्रू मारला तर खोके तयार होते, टिकत नाही. लाकडाचे टोक म्हणजे उघड्या नळ्यांचा जुडगा. ते गोंद पिऊन टाकते आणि सांध्यात धरायला काही उरत नाही. फेंडरच्या खोक्यांत दोन्ही हातांची बोटे गुंफावीत तसा फिंगर जॉइंट असे. नुसत्या टेकवलेल्या सांध्यात प्रत्येक कोपऱ्याला ४६ चौरस सेंमी चिकट पृष्ठ मिळते, पण ते टोकाचे, म्हणजे निकामी. फिंगर जॉइंटमध्ये बोटांच्या कडांचे ५० चौरस सेंमी मिळते आणि ते सगळे रेषेच्या अंगाचे. क्षेत्रफळ जवळपास तेच, ताकद कितीतरी जास्त.

२४० मिमी खोलीला १६ मिमीचे बोट सोयीचे, कारण भागाकार बरोबर १५ येतो. विषम संख्या हवी, म्हणजे दोन्ही कडांना सारखेच टोक येते: बाजूच्या फळीला ८ बोटे आणि ७ खाचा, वरच्या-खालच्या फळीला ७ बोटे आणि ८ खाचा. १६ मिमीचा सरळ बिट लावलेला राउटर (लाकडात खाचा पाडणारे फिरत्या पात्याचे यंत्र) आणि घरी केलेला जिग (सारख्या अंतरावर खाचा पाडायचा साचा) एवढ्यावर हे होते. खाचेची खोली फळीच्या खऱ्या जाडीपेक्षा अर्धा ते एक मिमी जास्त ठेवा. बोटे किंचित बाहेर डोकावतील, गोंद वाळल्यावर रंध्याने सपाट करता येतील. आत राहिली तर भरत बसावे लागते. फळ्या ६२२ ऐवजी ६२४ आणि ४४५ ऐवजी ४४७ कापायच्या त्या यासाठीच.

जिगमध्ये चूक साठत जाते. एका बोटात ०.१ मिमी जास्त झाले तर पंधराव्या बोटापर्यंत दीड मिमी होते आणि फळीची कड कडेला मिळत नाही. त्यामुळे आधी भंगार तुकड्यावर पूर्ण रुंदीचा सांधा काढून बघा. हाताने अर्धा आणि लाकडी हातोड्याच्या हलक्या टपल्यांनी उरलेला बसला तर बरोबर. ठोकावा लागला तर प्लायचे पापुद्रे सुटतात. आपोआप गळून पडला तर जिगची पिन सरकवा. खाचेच्या मागे टाकाऊ फळी धरली नाही तर बिट बाहेर पडताना लाकूड चिरफाळते.

गोंद साधा पांढरा, फेव्हिकॉल एसएचसारखा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर त्याचा पाणी सोसणारा प्रकार. चार कोपऱ्यांच्या साठ बोटांना ब्रशने गोंद लावायला वेळ लागतो आणि उन्हाळ्यात तो दहाएक मिनिटांत ओढायला लागतो, म्हणून दोघांनी मिळून लावा. क्लॅम्प कसल्यावर लगेच दोन्ही कर्ण मोजा. या मापाला ते ७६५ मिमीच्या आसपास येतात, आणि दोघांतला फरक एक मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर लांब कर्णावर आणखी एक क्लॅम्प लावून ओढा. गुण्या एका कोपऱ्याला खरे सांगतो, चारही कोपऱ्यांचे कर्णच सांगतात. रात्रभर तसेच राहू द्या.

फिंगर जॉइंट जमणार नसेल तर प्लायमध्ये ९ मिमी खोल खाच काढून, गोंद लावून, आतून पट्टी देऊन खोके बांधता येते. पाइनमध्ये हा मार्ग घेऊ नका. आणि कोपऱ्यात स्क्रू मारलेच तर ते कड गोल करण्याच्या वाटेत येणार नाहीत हे बघा. फिरत्या बिटला स्क्रू लागला तर बिट जातो, कधी डोळाही. कडा १२ मिमीच्या गोलाईच्या बिटने मारायच्या, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर. त्याहून गुळगुळीत करू नका, रेक्झिनच्या गोंदाला पकड लागते.

बॅफल आणि मागचे उघडे अंग

स्पीकर ज्या फळीवर बसतो ती बॅफल. साठच्या दशकातल्या अ‍ॅम्पमध्ये ती भुशाच्या बोर्डाची असे. आज १२ मिमीचा चांगला प्लाय घ्यावा. बॅफल आतल्या मापापेक्षा प्रत्येक बाजूला दोन-तीन मिमी लहान कापा, कारण एकीकडून रेक्झिन आणि दुसरीकडून जाळीचे कापड वळून त्या फटीत येते.

बारा इंची स्पीकरला सहसा २८३ मिमी व्यासाचे भोक लागते आणि बोल्टचे वर्तुळ २९७ मिमीचे. तरी हातातला स्पीकर मोजून खात्री करा. राउटरला पट्टी जोडून मध्यबिंदूपासून १४१.५ मिमीवर बिट आणा आणि तीन-चार फेऱ्यांत, दरवेळी ३-४ मिमी खोल कापा. इथे एक बारीक खोड आहे. भोकाची कड आणि बोल्टचा मध्य यांत फक्त ७ मिमी उरतात, तर एम-५ टी-नटची (लाकडात ठोकून बसवायच्या चकतीच्या नटची) चकती १७ मिमीची, म्हणजे मध्यापासून साडेआठ. ती दीड मिमी भोकात डोकावते. एम-४ घेतले तर १५ मिमीची चकती जेमतेम अर्धा मिमी बाहेर येते, तेवढे कानसून टाका. टी-नट समोरून ठोकायचे आणि थोडे आत बुडवायचे, नाहीतर कापडावर फोड आल्यासारखे दिसतात. बॅफलचा समोरचा भाग काळा रंगवा. नाहीतर स्टेजच्या उजेडात कापडातून पांढरे लाकूड दिसते.

स्पीकर कसताना समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, हाताच्या ताकदीने. जोर लावला तर पत्र्याची फ्रेम वाकते, आतली कॉइल घासते आणि बिचाऱ्या नव्या लाकडावर आळ येतो. कापाकापी चालू असताना स्पीकर दुसऱ्या खोलीत ठेवा. भुसा आणि लोखंडाचा कीस कॉइलच्या फटीत गेला तर निघत नाही.

आता मागची बाजू. स्पीकरचा कोन पुढे येतो तेव्हा समोर हवा दाबली जाते आणि मागे ओढली जाते. गिटारची सर्वांत खालची तार, ई, ८२ हर्ट्झवर वाजते आणि त्या स्वराची लहर चार मीटरहून लांब असते. तिच्यासमोर साठ सेंमीचे खोके म्हणजे काहीच नाही. समोरची आणि मागची लहर कडेने वळून भेटतात आणि एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. म्हणून उघड्या खोक्याचा खालचा आवाज सडपातळ असतो, वरचा खुला आणि खोलीभर पसरणारा. हा त्या अ‍ॅम्पचा स्वभाव आहे. मागे वर एक आणि खाली एक अशा दोन फळ्या असतात. त्यांच्यामधली फट जुन्यावरून जशीच्या तशी घ्या. ‘बेस वाढेल’ म्हणून पूर्ण बंद करण्याचा मोह टाळा: आवाजाचा स्वभाव जातो आणि व्हॉल्व्हची उष्णता आत कोंडते.

अनेकांकडून राहून जाणारी गोष्ट म्हणजे वरच्या फळीच्या पोटाला लावलेला अ‍ॅल्युमिनियमचा कागद किंवा जाळी. चासीचे उघडे तोंड त्या फळीकडे असते, त्यामुळे तो कागद म्हणजे चासीचे झाकणच. नव्या खोक्यात तो लावला नाही तर घरातल्या ट्यूबलाइट आणि डिमरची गुणगुण अ‍ॅम्पमधून ऐकू येते, आणि माणूस व्हॉल्व्ह बदलत बसतो. कागद चासीच्या पत्र्याला सगळीकडे टेकला पाहिजे, पण आतल्या कुठल्याही जोडणीला नाही. रिव्हर्ब टँक तळाशी ठेवताना त्याचे आउटपुटचे टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब, तेही याच कारणाने.

रेक्झिन आणि शेवट

खोके, मागच्या फळ्या आणि चुका धरून ५४ इंची पन्ह्याचे अडीच मीटर रेक्झिन पुरते. खोक्याभोवतीची पट्टी सव्वादोन मीटर लांब आणि ३५० मिमी रुंद कापा, जोड तळाला आणा. गोंद एसआर प्रकारचा, दोन्ही पृष्ठांना लावायचा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, दहा-पंधरा मिनिटे, थांबायचे. एकदा टेकवले की सरकवता येत नाही, म्हणून वरच्या फळीच्या मध्यापासून सुरू करून दोन्हीकडे जा. गोंदाचा वास म्हणजे पेट घेणारा वायू. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ शेगडी नको. पावसाळी दमट दिवशी हे काम करू नका. गोंद उडताना पृष्ठ गार पडते, त्यावर हवेतले पाणी धरते आणि महिन्याभरात कोपरे सुटतात. कोपऱ्यांवर केस वाळवायच्या यंत्राने रेक्झिन गरम करून ताणले की सुरकुती बसते. न बसलेली धातूच्या कोपऱ्याखाली लपते.

चासीची भोके रेक्झिनखाली जातात. त्यावरून थेट ड्रिल लावला तर रेक्झिन बिटला गुंडाळून फाटते. आधी पात्याने फुलीसारखी चीर द्या. हँडलला लाकडाचे स्क्रू वापरू नका. १९ किलो वजन रोज उचलले तर पाइनमधून ते उपटतात. आरपार बोल्ट आणि खालून रुंद वॉशर लावा.

सगळे जोडल्यावर, वाजवण्याआधी, फोनवरून ८० ते १००० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर अ‍ॅम्पमध्ये सोडा. कुठेतरी खरखर होईल. ती बहुतेक वेळा मागच्या फळीची, सैल हँडलची किंवा रिव्हर्बच्या स्प्रिंगची असते. सूर त्या जागी थांबवून एकेका भागावर हात ठेवत जा. हात ठेवल्यावर थांबली की जागा सापडली. मागच्या फळीला जास्त स्क्रू मारून उपयोग होत नाही. तिच्या कडेला फोमची चिकटपट्टी लावा.